आधी कागदाचा उंदीर

(दृश्य: टेबलावर कागदी ताटल्या, खडू, सुतळीचे तुकडे. मुलांचे हात.)

कॅलिफोर्नियातली रविवारची जत्रा. सहा फुटी टेबलाच्या एका अंगाला मुलं, दुसऱ्या अंगाला दोन स्वयंसेवक. लोकांनी सोडून दिलेले पाळीव उंदीर सांभाळायचे आणि त्यांना घरं शोधून द्यायची, हे या मंडळींचं काम. पाळीव प्राण्यांचे मेळावे, चांद्र नववर्षाची जत्रा, 4 एप्रिलचा जागतिक उंदीर दिन, असं निमित्त मिळालं की हे टेबल लागतं. उंदरांचा पिंजरा मागच्या बाजूला, चादरीआड. मुलाच्या हाती आधी कागद येतो, उंदीर नंतर.

(दृश्य: ताटलीची घडी पडते आहे.)

ताटली साधी, पातळ, 23 सेंटीमीटरची. चकचकीत लेपाची ताटली इथे चालत नाही, कारण तिच्यावर खडू घसरतो आणि रंग धरत नाही. मधोमध घडी घालायची. घडीची सरळ बाजू खाली ठेवली की ते पोट, वरची गोलाई म्हणजे पाठ. पूर्ण वाढलेल्या उंदराचं धड साधारण एवढंच भरतं. शेपटी जवळपास धडाइतकी, म्हणून सुतळी 20 सेंटीमीटरची कापलेली असते. आत गाठ मारायची आणि वरून एक पिन. स्टेपलर स्वयंसेवकाच्याच हातात राहतो, आणि पिनेच्या टोकांवर लगेच चिकटपट्टी बसते, नाहीतर बोटाला टोचतं.

कानांपाशी मूल थबकतं. चार सेंटीमीटरचे दोन गोल डोक्यावर उभे लावले तर तो नेहमीचा उंदीर. जरा मोठे कापून खाली, गालांच्या बाजूला लावले तर ‘डंबो’. दोन्ही प्रकारचे उंदीर मागच्या पिंजऱ्यात आहेत, त्यामुळे मूल जे निवडतं ते त्याला थोड्या वेळात खरोखर दिसणार असतं. कान चिकटवायला कांडीचा गोंद. बाटलीतला पांढरा गोंद वाळायला वेळ घेतो, आणि उंदीर पिशवीत जाताच कान गळून पडतात. मिशांना काळ्या कागदाच्या बारीक पट्ट्या. लोकरी तार दिसते छान, पण कापलेल्या टोकाला आतली तार उघडी पडते. हलत्या बुबुळांचे प्लास्टिकचे डोळे तीन वर्षांखालच्या मुलांना देतच नाहीत, कारण ते थेट तोंडात जातात. त्यांच्यासाठी काळा खडू.

(दृश्य: पंजे काढणारी मुलगी, अगदी जवळून.)

पुढच्या पंजाला चार बोटं, मागच्याला पाच. हिने चारही पंजांना पाच-पाच काढली होती, आता ती एक-एक खोडते आहे. दात ती पांढरे सोडणार, इतक्यात तिच्यापुढे केशरी खडू सरकतो. मोठ्या उंदराचे पुढचे दात पिवळट केशरीच असतात, ते लोहामुळे. किडके किंवा घाणेरडे म्हणून नव्हे. एवढं कळलं की खरा उंदीर तोंड उघडतो तेव्हा मूल मागे सरत नाही.

(दृश्य: काळं डोकं, पाठीवर काळा पट्टा.)

या रंगसंगतीला ‘हूडेड’ म्हणतात. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 1901 मध्ये आयल्सबरीच्या प्रदर्शनात मेरी डग्लस यांचा असाच काळा-पांढरा उंदीर पहिला आला. उंदीर पाळण्याची हौस प्रदर्शनात मानाने मिरवू लागली ती तिथून. डग्लसबाई 1921 मध्ये गेल्या आणि हौस ओसरली. 1976 मध्ये ब्रिटनमध्ये फक्त उंदरांसाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, आणि 1983 मध्ये अमेरिकेत उंदीर पाळणाऱ्यांची संघटना निघाली. एवढा वारसा त्या खडूच्या पट्ट्यात आहे, आणि तो मुलांना सांगायलाच हवा.

घरी गणपती बसतो ती मराठी मुलं आपल्या उंदराच्या पुढ्यात न सांगता मोदक काढतात. कागदावर मोदक, खऱ्याला ओटचा दाणा.

(दृश्य: पुठ्ठ्याच्या नळ्या.)

दुसरं काम खऱ्या उंदरांसाठी. टॉयलेट पेपर संपल्यावर उरलेली पुठ्ठ्याची नळी घ्यायची. एक तोंड दुमडायचं, आत साध्या कागदाचे कपटे, चमचाभर ओट, सूर्यफुलाच्या चार बिया, आणि दुसरं तोंड दुमडून बंद. इथे गोंद, चमकी, चिकटपट्टी, पिन, यातलं काहीच नाही, कारण उंदीर हे सगळं कुरतडणार. दोरा तर मुळीच नको. तो उंदराच्या बोटाभोवती आवळला की रक्त थांबतं आणि बोट जातं. म्हणून दोन्ही कामांचं साहित्य वेगळ्या ट्रेमध्ये ठेवतात. एकाच ट्रेमध्ये ठेवलं की सुतळी हमखास नळीत जाते.

(दृश्य: चादर बाजूला होते. स्वयंसेवकाच्या हातावर उंदीर.)

आता हात धुवायचे, साबणाने. बोटांना खाऊचा वास राहिला तर उंदीर चावून बघतो. गजांतून बोट आत घातलं तरी तेच होतं. उंदीर मोठ्या माणसाच्या हातावरच राहतो, आणि मूल दोन बोटांनी खांद्याकडून मागे, केसांच्या दिशेने कुरवाळतं. शेपटीला धरून उचलायचं नाही, शेपटीची कातडी सोलून निघू शकते. पाच वर्षांखालच्यांनी फक्त बघायचं. उंदराला घामाने अंग थंड करता येत नाही, म्हणून ऊन तिशीच्या वर गेलं की पिंजरा गाडीत नव्हे, थंड खोलीत जातो आणि टेबलावर फक्त कागद उरतो. कुरवाळून झालं की पुन्हा हात धुवायचे. 2017 मध्ये अमेरिकेत पाळीव उंदरांपासून माणसांना ‘सोल’ नावाच्या विषाणूची लागण झाली होती.

(दृश्य: कागदी उंदराला बांधलेलं दत्तकपत्र.)

दत्तकपत्रावर मूल उंदराचं नाव लिहितं. खाली छापलेलं असतं ते आईबाबांसाठी: एकटा ठेवू नका, दोन नर किंवा दोन माद्या घ्या. देवदार-पाइनचा भुसा नको, त्याने श्वसनाचा त्रास होतो. आयुष्य दोन-तीन वर्षांचं. जत्रेतून जिवंत उंदीर कुणालाही दिला जात नाही. ज्यांना हवा असेल त्यांनी अर्ज भरायचा आणि पिंजरा आधी आणून दाखवायचा.