घरातलं हँडिंग-टेकिंग

माझ्या फौजी भावांनो, वहिनींनो आणि सुट्टीवर आलेल्या तरुण जवानांनो,

फौजेत बदली झाली की एक काम पुरं केल्याशिवाय युनिट सोडता येत नाही. हँडिंग-टेकिंग. लेजरमधली एकेक नोंद समोरच्याला दाखवायची, त्याने माल मोजून घ्यायचा, दोघांनी सही करायची. सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या दळणवळण विभागात, २८ वर्षं काढली. केबलचे ड्रम, बॅटऱ्या, रेडिओ सेट, तंबूच्या खुंट्यासुद्धा मोजून दिल्या आणि मोजून घेतल्या. नायब सुभेदार म्हणून शेवटची सही केली, ट्रंक उचलली आणि सोलापूरला आलो. युनिटमधून घरी झालेली ही शेवटची बदली. तिचं हँडिंग-टेकिंग मात्र झालंच नाही. व्हायला हवं होतं, हे कळायला मला वर्ष लागलं. आज त्याबद्दल बोलतो.

मी मूळचा मंगळवेढा तालुक्यातला. सोलापूर शहराशी माझी ओळख म्हणजे स्टेशन आणि एसटी स्टँड. जम्मूहून झेलम एक्सप्रेस धरायची, दौंडला उतरायचं, मिळेल त्या गाडीने सोलापूर गाठायचं. मोठी मुलगी पाचवीला आली तेव्हा माझं पोस्टिंग फील्डमध्ये होतं, तिथे कुटुंब नेता येत नव्हतं. मग जुळे सोलापुरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि बायको दोन्ही मुलांना घेऊन तिथे राहिली. अकरा वर्षं. त्या अकरा वर्षांत माझा पत्ता होता केअर ऑफ ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस, आणि तिचा पत्ता सोलापूर.

हे मी का सांगतोय? आपल्यातले बहुतेक जण असेच येतात. गाव तालुक्यात, शेती भावाकडे, मुलं शहरात शिकतायत, म्हणून पेन्शनवर आल्यावर आपणही शहरात. आपण म्हणतो, "मी सोलापूरला सेटल झालो." खरं तर घर आधीच सेटल झालेलं असतं. त्या घरात नवीन माणूस एकच येतो, तो म्हणजे आपण.

मी आलो एप्रिलमध्ये. तिसऱ्या दिवशी सकाळी पाचला उठलो, पीटी केली, दोन बादल्यांनी आंघोळ केली, मग अंगणात पाइप लावून ट्रंक धुतली, बिस्तरबंद धुतला, बूट धुतले. टाकी रिकामी झाली. कॅन्टोन्मेंटमध्ये नळ सोडला की पाणी येतं, ते कुठून येतं हे एमईएसवाले, म्हणजे फौजेचे इंजिनिअर, बघतात. सोलापूरला पाणी येतं उजनीहून, शंभरेक किलोमीटरवरून, आणि रोज येत नाही. तेव्हा चार-पाच दिवसांआड यायचं. कोणत्या भागाला कधी, किती वाजता, दाब किती, हे बदलत राहतं. माझ्या त्या पराक्रमानंतर अजून तीन दिवस पाणी येणार नव्हतं. बायको एक शब्द बोलली नाही. दोन घागरी घेऊन शेजारी गेली, आणि शेजारणीने न विचारता भरून दिल्या. एप्रिल महिन्यात, सोलापुरात, कुणी कुणाला दोन घागरी पाणी देतं, याची किंमत मला त्या दिवशी समजली नाही. आता समजते. ती अकरा वर्षांची कमाई होती, माझ्या पेन्शनपेक्षा मोठी.

मग मी काय केलं? वहिनींना माहीत आहे मी काय केलं असेल. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाण्याचं टाइमटेबल चिकटवलं. मुलांना सकाळी रोल कॉल. किराणा कुठून आणायचा, गॅस कधी नोंदवायचा, सगळ्याचे हुकूम. दहा-बारा दिवस तिने ऐकलं. मग एका रात्री जेवताना म्हणाली, "अहो, अकरा वर्षं हे घर चाललंय. तुम्ही आधी बघा तरी, कसं चाललंय ते."

हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही. नव्या युनिटमध्ये गेल्यावर मी पहिल्याच दिवशी ऑर्डर काढत होतो का? आधी चार्ज घ्यायचो. कुठे काय आहे बघायचो. जुन्या माणसाच्या मागे आठ दिवस फिरायचो. मग घरात तसं का केलं नाही?

तर मी ठरवलं की तिच्या मागे फिरायचं. पिशवी धरून लक्ष्मी मंडईत गेलो. कुठली बाई ज्वारी नीट देते, कडक भाकरी कुणाकडची घ्यायची, शेंगाची चटणी कुठे कुटून मिळते, रिक्षावाल्याला कोणत्या चौकाचं नाव सांगायचं, मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की बारा ते चार बाहेरची कामं का ठेवायची नाहीत, हे सगळं तिने दाखवलं. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मला बघितलं की लोक उठून म्हणायचे, "या मेजर, बसा." आपल्याकडे शिपाई असो की सुभेदार, फौजीला सगळे मेजरच म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. पण पाण्याची वेळ बदलली तर निरोप तिला यायचा. रेशनचा, शाळेतल्या सभेचा, कुणाच्या घरी कोण आजारी आहे याचा निरोप तिलाच. मान मला होता, ओळख तिला होती. आणि मित्रांनो, शहरात माणूस राहतो तो ओळखीवर.

पैशाची गोष्ट यातच येते. पेन्शनवर येताना आपल्या हातात एकदम मोठी रक्कम पडते. ग्रॅच्युइटी, फंड, ग्रुप इन्शुरन्सचे पैसे, शिल्लक रजेचे पैसे, आणि कम्युटेशन. या कम्युटेशनबद्दल तरुण जवानांनी नीट ऐका. कम्युटेशन म्हणजे पुढची पेन्शन आजच एकरकमी उचलणं. जवान आणि जेसीओ, म्हणजे नायब सुभेदार-सुभेदार, अर्ध्यापर्यंत पेन्शन अशी विकू शकतात. विकलेला भाग पुन्हा सुरू होतो तो १५ वर्षांनी. महागाई भत्ता पूर्ण मूळ पेन्शनवर मिळत राहतो हे खरं, पण दर महिन्याला हातात येणारी रक्कम कमीच असते. म्हणजे आज खात्यात दिसणारा तो आकडा आपल्याच पुढच्या १५ वर्षांच्या पेन्शनमधून काढलेला आहे. आकाशातून पडलेला नाही.

आणि फौजीला पैसे मिळालेत हे गावाला कळतं. मला येऊन महिना झाला नव्हता, एक एजंट घरी आला. शहराच्या कडेला दोन गुंठे, रस्ता होणार, भाव दुप्पट होणार, मेजरसाठी खास दर. मी जागा बघून आलो, आवडली, विसार द्यायला निघालो. बायकोने विचारलं, "तिथं पाण्याची लाइन आहे का?" तिच्या भिशीतली एक बाई त्याच बाजूला राहत होती. तिच्याकडून दोन दिवसांत कळलं की लाइन नाही, उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागतो, जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, झालेली नाही, आणि सातबाऱ्यावर एकाच गटात पुष्कळांची नावं आहेत. आपल्या राज्यात तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. शेतजमिनीचा गुंठ्या-गुंठ्याचा तुकडा कुणी कागदावर विकला म्हणून तो आपल्या नावावर चढेलच असं नाही. माझे पैसे वाचले ते भिशीमुळे. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, पहिलं वर्षभर घर विकत घेऊ नका. भाड्याने राहा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्या भागात काढा. एनएचे कागद आणि मंजूर लेआउट हातात घेऊन वकिलाला दाखवा. आणि जागा बघायला बायकोला सोबत न्या. तिला जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

दुसऱ्या नोकरीबद्दल फार बोलत नाही. राज्य सरकारच्या गट क आणि गट ड च्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, केंद्रात गट क ला १० टक्के आणि गट ड ला २० टक्के. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा, ओळखपत्र काढा, जाहिराती बघत राहा, अभ्यास करा. पंचेचाळिशीत अभ्यास होतो, मी केलेले बघितलेत.

आता हँडिंग-टेकिंगची दुसरी बाजू. तिने मला शहराचा चार्ज दिला. मग मी तिला काय द्यायचं? तर कागदांचा चार्ज. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि इथे मी आवाज चढवला तर माफ करा.

आमच्या ओळखीत एक हवालदार होते. पेन्शनवर आल्यावर चौथ्या वर्षी गेले. त्यांच्या पत्नीला कुटुंब पेन्शन मिळायची होती, आणि कागद अडला. का? लग्नात तिचं नाव बदललं होतं. आपल्याकडे ही पद्धत होती, नवरा तांदळात नवीन नाव लिहायचा. फौजेच्या रेकॉर्डला सासरचं नाव, आधारवर आणि बँकेत माहेरचं. ती एकच बाई आहे हे सिद्ध करायला त्या माउलीला महिनोन् महिने फिरावं लागलं. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं. पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, हेही माहीत नव्हतं. नवऱ्याने सगळं ट्रंकेत कुलूप लावून नीट ठेवलं होतं, आणि किल्ली कुठे ते सांगायचं राहून गेलं होतं.

घरी गेल्यावर आज रात्री ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ बाहेर काढा. त्यातलं बायकोचं नाव, जन्मतारीख, मुलांची नावं आधारशी ताडून बघा. एका अक्षराचा फरक असला तरी आत्ताच दुरुस्त करायला घ्या. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून रेकॉर्ड ऑफिसला जातो. वेळ लागतो, पण तुम्ही हयात आहात तोवर ते तुमचं काम आहे. नंतर ते तिचं होतं. जे अजून सर्व्हिसमध्ये आहेत, त्यांनी युनिटमध्येच पार्ट टू ऑर्डर, म्हणजे कुटुंबाच्या नोंदींचा आदेश, बघून घ्या. तिथे हेच काम कितीतरी सोपं आहे.

पेन्शन आता स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेवर, आहे. दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाही दिला तर पेन्शन थांबते. त्याला जोडलेला मोबाइल नंबर कोणता, हे तिला माहीत हवं. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, २००३ पासून आहे, पण कार्ड तुमच्या पाकिटात आणि रात्री दोनला छातीत दुखतंय तिच्या, तर काय करायचं? तिला सांगून ठेवा की नेहमीच्या वेळी पॉलिक्लिनिकचं रेफरल लागतं, पण जीवावर बेतलं तर जवळच्या कोणत्याही हॉस्पिटलला जायचं आणि ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. ही ओळ कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. माझ्या पाण्याच्या टाइमटेबलच्या जागी आमच्याकडे आता हा कागद आहे.

आम्ही दोघांनी एक वही केली. डाव्या पानावर तिने सांगायचं, मी लिहायचं. उजव्या पानावर मी सांगायचं, तिने लिहायचं. चार महिने लागले. शेवटी दोघांनी सही केली. मुलं साक्षीदार.

या शहराबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण काही जण म्हणतात, इथे आपलं कोण आहे? अहो, सोलापुरात कितीतरी जण बाहेरूनच आलेले. पूर्व भागात जा. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या पिढ्यान् पिढ्या इथे गेल्या, चादर-टॉवेलचं नाव त्यांनी मोठं केलं, आणि घरात आजही तेलुगू बोलतात. दुसऱ्या गल्लीत कन्नड, पुढच्या गल्लीत उर्दू. आपण पलटणीत हेच जगलो ना? माझा बंकरमधला जोडीदार वरंगळकडचा होता, त्याच्यामुळे मला चार शब्द तेलुगू येतं. अशोक चौकात एका म्हाताऱ्या आजींना मी "बागुन्नारा?" म्हटलं. त्यांनी विडीचं सूप बाजूला ठेवून मला बसायला पाट दिला. अठ्ठावीस वर्षांत मी इथल्या ओळखीसाठी केलेली ती एकच तयारी, आणि ती नकळत झालेली.

शहराचा इतिहास मला मुलीने दिला. पहिल्या जानेवारीत ती मला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी घेऊन गेली. मे १९३० मध्ये इंग्रजांनी या शहरावर मार्शल लॉ लावला होता, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याला फाशी दिली. या रस्त्यांवर एकदा बंदूकवाले शिपाई लोकांच्या विरोधात उभे केले गेले होते. हे ऐकून मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. माझ्या अंगावर वर्दी नव्हती, पण सावधान झालो. त्याच शहरातले लोक आज मला "या मेजर, बसा" म्हणतात. हा मान कुणामुळे शक्य झाला, ते त्या चौकात उभं राहिल्यावर कळतं.

त्यानंतर एक-दोन दिवसांतच ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात नंदीध्वज, आणि ती उंच काठी एकटा माणूस कमरेला तोलून चालतो. शेजारच्यांचा मुलगा सराव करत होता, तो म्हणाला, "काका, दमला की खांदा बदलायला दुसरा तयारच असतो, काठी खाली ठेवत नाहीत." मी त्या दिवसापासून दर वर्षी मिरवणुकीच्या रस्त्यावर पाणी वाटायला उभा राहतो. आमच्या गल्लीतले चौदा जण आहेत. त्यांतल्या तिघांनाच माझी रँक माहीत आहे.

बाकी प्रश्न असतील तर चहा घेऊन बोलू. मी या टेबलावर बसतो. ज्यांनी डिस्चार्ज बुक आणलंय त्यांनी माझ्याकडे या, नावं ताडून बघू. आणि जे या सहा महिन्यांत शहरात राहायला आलेत, त्या मेजरांनी पलीकडच्या टेबलावर आमच्या मंडळींकडे जा. कुठे घर घेतलंय तेवढं सांगा. पाण्याचा दिवस त्या सांगतील, आणि त्या भागातली एक ओळखीची बाईही.