कंदिलाच्या उजेडातली धावपट्टी

२७ ऑक्टोबर १९४७ ची पहाट. दिल्लीहून मालवाहू डाकोटा विमानं उडाली. आत पहिल्या शीख पलटणीचे जवान आणि त्यांचे कमांडर लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय. त्यांना मिळालेला हुकूम असा होता: श्रीनगरवर पोचलात की आधी घिरट्या घालून खाली पाहा. विमानतळ पाकिस्तानातून घुसलेल्या टोळीवाल्यांनी घेतलेला दिसला तर उतरू नका, जम्मू गाठा.

विमानतळ अजून आपल्याच हातात होता. डाकोटा उतरली, पाठोपाठ दुसरी, तिसरी. राय बारामुल्ल्याच्या वाटेवर धारातीर्थी पडले, पण श्रीनगर राहिलं.

हवाईदल म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते आभाळ चिरत जाणारं लढाऊ विमान. ते यावंच. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर नॅट विमानातून एकट्यानं झुंजलेल्या निर्मलजित सिंग सेखों यांचं परमवीरचक्र हे या दलाचं आजवरचं एकमेव परमवीरचक्र आहे. तरीही आज आपण बोलणार आहोत ते ओझं वाहणाऱ्या विमानांबद्दल. कारण या देशाचा नकाशा कितीदा तरी त्यांनीच राखला आहे.

हवाईदलाची सुरुवात अगदी लहान होती. १ एप्रिल १९३३, कराचीचा ड्रिग रोड विमानतळ. चार वापिटी विमानं, पाच भारतीय वैमानिक. त्या पाचांतले एक, सुब्रतो मुखर्जी, १९५४ मध्ये हवाईदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. मधल्या काळात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हे दल तावून सुलाखून निघालं, आणि स्वातंत्र्यानंतर दोन महिन्यांत काश्मीर पेटलं.

पूंछला वेढा पडला होता. गावात सैन्य आणि हजारो निर्वासित, बाहेर जायला रस्ता नाही. ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांचे जवान आणि गावकरी यांनी मिळून जमीन सपाट केली, धावपट्टी तयार केली. चहूबाजूंनी डोंगर, कडेला नाले, वरून शत्रूच्या तोफा. तिथं पहिली डाकोटा उतरवली एअर कमोडोर मेहर सिंग यांनी. दिवसा तोफा गप्प बसेनात, तेव्हा रात्री उतरायचं ठरलं. पट्टीच्या कडेनं तेलाचे दिवे मांडले आणि त्या मिणमिणत्या रांगेवर नजर ठेवून विमानं खाली आली. पोटात पंचवीस पौंडी तोफा, धान्य, औषधं. परतताना जखमी आणि बायकामुलं. पूंछ पडलं नाही, ते वर्षभर असं जगलं म्हणून.

त्याच मेहर सिंगांनी २४ मे १९४८ ला लेह गाठलं. सोबत जनरल थिमय्या होते. लेह दहा हजार फुटांहून उंच, वाटेतली शिखरं त्याहून कितीतरी वर, आणि डाकोटात हवेचा दाब राखायची सोय नाही. खाली सिंधूकाठी लडाखी अभियंता सोनम नोरबू यांनी वाळूची पट्टी तयार ठेवली होती. मेहर सिंगांना महावीरचक्र मिळालं, पण शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव किती मुलांनी वाचलं असेल?

१९६२. या युद्धात आपण लढाऊ विमानं वापरलीच नाहीत. चीन आपल्या शहरांवर बाँब टाकेल, ही धास्ती. माझ्या मते ती चूक फार महागात पडली. मालवाहू विमानं मात्र थांबली नाहीत. लडाखमधल्या चुशूलला अँटोनोव्ह-१२ मधून चक्क एएमएक्स-१३ रणगाडे उतरवले. लडाखच्याच चिप चॅप खोऱ्यातल्या चौक्यांना रसद टाकताना वैमानिक चंदन सिंग यांच्या विमानावर खालून गोळ्या झाडल्या गेल्या. रसद टाकूनच ते परतले.

नऊ वर्षांनी, १९७१ च्या बांगलादेश युद्धात, हेच चंदन सिंग मेघना नदीच्या काठी होते. आशूगंजचा पूल पाकिस्तानी सैन्यानं उडवला होता, नदी समुद्रासारखी रुंद. आपल्या सैन्याचे लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांच्यापुढे प्रश्न एकच: पलीकडे जायचं कसं? उत्तर होतं मूठभर एमआय-४ हेलिकॉप्टरं. ९ डिसेंबरपासून ती खेपा करत राहिली, रात्रीसुद्धा. सैनिक पलीकडे रायपुऱ्याला उतरले. ढाक्याची वाट मोकळी झाली.

आता नकाशाच्या अगदी टोकाला जाऊ. लडाखच्या उत्तरेला, चीनच्या सीमेजवळची दौलत बेग ओल्डीची धावपट्टी, उंची १६,६१४ फूट. इतक्या उंचीवर हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाला दम लागतो, धावायला पट्टी लांब लागते. १९६२ च्या जुलैत स्क्वाड्रन लीडर राजे यांनी तिथं पॅकेट विमान उतरवलं. पॅकेटचा जोर पुरावा म्हणून त्याच्या पाठीवर जादा जेट इंजिन बसवलेलं असे. काही वर्षांत ही पट्टी बंद पडली. ३१ मे २००८ ला एक एएन-३२ तिथं पुन्हा उतरलं. मग २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी त्याच खडकाळ पट्टीवर, धुळीचा लोट उठवत, चार इंजिनांचं सी-१३० हर्क्युलिस टेकलं.