ओ वाटलेलं रक्त

(दृश्य: रक्तदान शिबिर. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे तीन थेंब.)

पहिल्या थेंबात निळं द्रावण, दुसऱ्यात पिवळं, तिसऱ्यात बिनरंगाचं. निळ्यात रक्ताच्या गुठळ्या झाल्या तर गट ए, पिवळ्यात झाल्या तर बी, दोन्हींत झाल्या तर एबी. दोन्हीकडे रक्त जसंच्या तसं राहिलं, की तंत्रज्ञ कार्डावर लिहितो : ओ. तिसरा थेंब पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते ठरवतो. दोन मिनिटांचं काम. भारतात १०० पैकी साधारण ३७ जण ओ गटाचे, त्यामुळे ते अक्षर लिहिताना कुणाला काही वावगं वाटत नाही.

त्या ओ लिहिलेल्या कार्डांमध्ये फार थोडी कार्डं चुकीची असतात. ती कुणाची, ते पाहण्याआधी थोडी नेहमीच्या गटांची ओळख.

(दृश्य: जगाचा जुना नकाशा.)

व्हिएन्नाचे कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली माणसाच्या रक्ताचे गट वेगळे करून दाखवले. एबी पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. पण कुठल्या मुलखात कोणता गट किती, हे मोजलं गेलं एका युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात ग्रीसच्या सलोनिका बंदरात दोस्त राष्ट्रांच्या फौजा येऊन थांबल्या होत्या. लुडविक आणि हांका हिर्शफेल्ड या पोलिश डॉक्टर जोडप्यानं तिथेच इंग्रज, फ्रेंच, सर्बियन, सेनेगाली, भारतीय अशा सैनिकांचं रक्त तपासलं. इंग्रजांमध्ये बी गटाचे शंभरात जेमतेम ७ निघाले, भारतीयांमध्ये ४० च्या आसपास. १९१९ मध्ये त्यांनी हे आकडे छापले आणि सोबत एक तर्कही मांडला : ए गट उत्तर युरोपात उपजला असावा, बी भारतात. तर्क पुढे टिकला नाही. आपल्याकडे बी जास्त, ही गोष्ट मात्र आजही खरी आहे. भारतात १०० पैकी सुमारे ३२ जण बी, २३ जण ए आणि ८ जण एबी. उलट दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमध्ये जवळजवळ सगळेच ओ.

निगेटिव्हचंही तसंच. युरोपात शंभरात सुमारे १५, आपल्याकडे ५, चीनमध्ये एकसुद्धा पुरा नाही. त्यामुळे पुण्यातला ओ निगेटिव्ह माणूस दुर्मिळ. लंडनमध्ये त्याचं कुणाला फारसं अप्रूप नाही.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यांत एबी निगेटिव्ह नेहमी सगळ्यात दुर्मिळ म्हणून मिरवतो. भारतात हजारात साधारण ४ जण, म्हणजे कमी आहेतच. पण या रुग्णाला लाल पेशी चढवायच्या असतील तर ए, बी, एबी, ओ यांपैकी कुठल्याही निगेटिव्ह दात्याची पिशवी चालते. तक्ता हे सांगत नाही. रक्तपेढीत नातेवाईकाला घाम फुटतो तो आपला गट किती जणांचा आहे म्हणून नव्हे, आपल्या माणसाला कुणाकुणाचं रक्त चालतं म्हणून.

आणि या हिशेबात फारच बिकट अवस्था असलेला एक गट सापडला तो परळला.

(दृश्य: केईएम रुग्णालयाची इमारत, बाहेरची गर्दी.)

साल १९५२. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे काम करत होते. मुंबईत दोन रुग्णांना तातडीनं रक्त हवं होतं. एक रेल्वे अपघातातला, दुसरा भोसकला गेलेला. टाइलवर दोघांचं रक्त ओ दिसत होतं. पण ओ गटाच्या दात्याचं रक्त त्यांच्या रक्तद्रवात (प्लाझ्मात) मिसळलं की गुठळ्या. ए लावून पाहिलं, बी लावून पाहिलं, तेच. ओ म्हणजे सगळ्यांना चालणारं रक्त, आणि इथे तेच सगळ्यात जोरानं नाकारलं जात होतं. नमुने लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. त्याच वर्षी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शोधनिबंध आला. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया या मुंबईकरांच्या नावांसोबत त्यावर रूथ सँगर, रॉबर्ट रेस अशी त्या काळची रक्तगटशास्त्रातली बडी नावं होती. गटाला शहराचं नाव मिळालं : बॉम्बे ब्लड ग्रुप.

(दृश्य: लाल पेशीचं साधं रेखाचित्र.)

नेमकं काय घडतं या रक्तात? लाल पेशीच्या अंगावर एच नावाचा एक घटक असतो. ही खुंटी समजा. तिच्यावर एक साखर अडकली की ए, दुसरी अडकली की बी, दोन्ही प्रकार असले की एबी. ओ गटात काहीच अडकवलेलं नसतं, नुसत्या खुंट्या. बॉम्बे गटात खुंटीच नसते. ए किंवा बी घडवणारं जनुक आईबापांकडून आलेलं असलं तरी ते निकामी ठरतं, कारण अडकवायला जागा नाही. म्हणून टाइलवर हे रक्त हुबेहूब ओ दिसतं. शरीराला एच परका असल्यानं रक्तद्रवात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार असतात, आणि ओ रक्तावर तर एच सगळ्यात जास्त! ओची पिशवी लावली की चढवलेल्या पेशी फुटू लागतात. जिवावर बेतू शकतं.

शिबिरातल्या त्या तीन थेंबांत हे पकडलं जात नाही. पेशींसोबत रक्तद्रवही तपासावा लागतो : त्यात ओ गटाच्या पेशी टाकायच्या आणि गुठळ्या होतात का ते पाहायचं. रुग्णाला पिशवी देण्याआधी क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्तद्रवाशी जुळवून पाहणं, होतोच, तिथे गोष्ट उघडकीला येते. पण तोवर शस्त्रक्रियेची वेळ ठरलेली असते, किंवा बाळंतीण टेबलावर असते.

युरोपात असा माणूस दहा लाखांत एखादा. भारतात दहा हजारांत एक. भाटिया आणि साठे यांनी १९७४ मध्ये मुंबईपुरतं काढलेलं प्रमाण ७,६०० मध्ये एक. आपल्याकडेच एवढे का? आई आणि वडील दोघांकडूनही एचचं बिघडलेलं जनुक आलं तरच हा गट होतो, आणि रक्ताच्या नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते. मामाची मुलगी करून घ्यायची रीत महाराष्ट्रात, कर्नाटकात, आंध्रात जुनी. नोंदवलेले सर्वाधिक लोकही महाराष्ट्रातलेच. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर भारतीय वंशाच्या लोकांत हाच बिघाड सापडला. मजुरीसाठी बोटीनं गेलेल्यांनी तो आपल्यासोबत नेला होता.

(दृश्य: रक्तपेढीचा फ्रीज, पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या.)

आता एक साधा गुणाकार. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. दहा हजारांत एक धरला तरी अकरा हजारांवर माणसं झाली. दात्यांच्या याद्यांमध्ये मात्र साऱ्या देशातून मिळून काही शेकडाच नावं. बाकीचे कुठे आहेत? बहुतेक जण खिशात ओ पॉझिटिव्हचं कार्ड घेऊन फिरताहेत.

पिशवी भरून ठेवावी म्हटलं तर लाल पेशी टिकतात ३५ ते ४२ दिवस. ग्लिसरॉल घालून गोठवल्या तर वर्षानुवर्षं राहतात, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी. म्हणून इथे फ्रीजपेक्षा माणसांवर भिस्त. फोन जातो, दाता गाडीत बसतो. २०२४ मध्ये एका रुग्णासाठी शिर्डीहून दाता थेट इंदूरला गेला होता. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार. त्यामुळे यादीत नाव असूनही तो माणूस त्या आठवड्यात उपयोगाचा असेलच असं नाही. शिवाय आरएच, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह, जुळावा लागतो तो वेगळाच. गंमत अशी, की बॉम्बे गटाचा माणूस ए-बी-ओच्या हिशेबात कुणालाही लाल पेशी देऊ शकतो. घेऊ मात्र फक्त आपल्यासारख्याकडूनच शकतो.

मुंबईत १९५७ साली रक्तगटांसाठी सुरू झालेलं संदर्भ केंद्र आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था म्हणून ओळखलं जातं. कोड्यात टाकणारे नमुने तिथे येतात, दुर्मिळ दात्यांची नोंदही तिथे ठेवली जाते. एखाद्याचा गट बॉम्बे ठरला, की जाणकार डॉक्टर पहिल्यांदा विचारतात : भावंडं किती? आईबाप दोघंही वाहक, म्हणजे एचचं एकेक बिघडलेलं जनुक बाळगणारे, असले तर प्रत्येक सख्ख्या भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता चारात एक. अनोळखी लोकांत तीच दहा हजारांत एक. त्यामुळे शोध घरापासूनच सुरू होतो, आणि थोरल्या बहिणीच्या कार्डावरही ओच लिहिलेलं असलं तरी तिचा रक्तद्रव तपासायला पाठवतात.