फ्रँक राइक: राखीव क्वार्टरबॅक ते प्रशिक्षक

१० नोव्हेंबर १९८४. मायामीचं ऑरेंज बोल स्टेडियम. मध्यंतराला फलकावर आकडे आहेत: मायामी ३१, मेरीलँड ०. मायामी म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा आदल्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता. मेरीलँडचे प्रशिक्षक बॉबी रॉस आपला क्वार्टरबॅक बदलतात आणि फ्रँक राइक मैदानात येतो. हंगामाच्या सुरुवातीला जागा त्याचीच होती. मग खांदा दुखावला, तो बाहेर बसला आणि जागा दुसऱ्याकडे गेली.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाईची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते, आणि संघ सहसा एकाच क्वार्टरबॅकवर विसंबतो. इतर बऱ्याच जागांवरचे खेळाडू आलटून-पालटून खेळतात. राखीव क्वार्टरबॅक मात्र क्रिकेटमधल्या बाराव्या गड्यासारखा असतो. सगळ्या चाली त्याला पाठ हव्यात, पण खेळायला कधी मिळेल ते दुसऱ्याच्या दुखापतीवर ठरतं.

त्या दिवशी उत्तरार्धात मेरीलँडने ४२ गुण केले. राइकने टचडाउनचे, म्हणजे चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे पोहोचवून गुण मिळवून देणारे, तीन पास फेकले. त्यातला एक मायामीच्या बचावपटूच्या हाताला लागून उडाला आणि थेट मेरीलँडच्या ग्रेग हिलच्या हातात पडला. अगदी शेवटी मायामीने ४२-४० पर्यंत मजल मारली. बरोबरीसाठी त्यांना आणखी दोन गुण हवे होते, पण मेरीलँडच्या बचावफळीने त्यांना गोलरेषेपाशी अडवलं. एवढी मोठी पिछाडी कॉलेज फुटबॉलमध्ये तोवर कोणीच भरून काढली नव्हती.

१९८५ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमधल्या बफलो बिल्स संघाने राइकला घेतलं. पुढच्याच वर्षी तिथे जिम केली आला. केली मोठा खेळाडू, त्यामुळे राइकची वर्षांमागून वर्षं मैदानाबाहेर गेली.

मग आला ३ जानेवारी १९९३. प्लेऑफचा सामना, हरलं की हंगाम संपला. केली जखमी, समोर ह्यूस्टन ऑइलर्स. मध्यंतराला बिल्स ३-२८ असे मागे. तिसरं सत्र सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती, तोच राइकचा पास ह्यूस्टनच्या खेळाडूने मध्येच पकडला आणि थेट टचडाउन केलं. ३-३५. प्रेक्षक उठून घरी निघाले होते.

राइकच्या खेळात मात्र घाई दिसत नाही. एकेक चाल, एकेक पास. त्याने टचडाउनचे चार पास फेकले, त्यातले तीन आंद्रे रीडला. ठरलेली वेळ संपली तेव्हा सामना ३८-३८ असा बरोबरीत होता आणि जादा वेळेत स्टीव्ह ख्रिस्टीच्या किकने बिल्स ४१-३८ ने जिंकले. ३२ गुणांची पिछाडी भरून निघाली होती. कॉलेज आणि व्यावसायिक, दोन्हीकडचे विक्रम आता एकाच राखीव खेळाडूच्या नावावर होते. याला आम्ही तरी नशीब म्हणणार नाही. रोज केलेल्या तयारीचं ते फळ होतं.

पण अशा कथांचा शेवट नेहमी गोड होत नाही. त्याच महिन्यात सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, केली पुन्हा जखमी झाला, राइक पुन्हा उतरला आणि डलासने बिल्सचा ५२-१७ असा धुव्वा उडवला.

१९९८ च्या हंगामानंतर राइक थांबला. पुढची काही वर्षं त्याने धर्मशिक्षणात आणि चर्चच्या सेवेत घालवली, शार्लटच्या धर्मशास्त्र विद्यालयाचं अध्यक्षपदही सांभाळलं. प्रशिक्षणाकडे तो उशिरा वळला.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचा क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झ गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. जागेवर आला राखीव निक फोल्स. चढाईचे प्रशिक्षक होते राइक, मुख्य प्रशिक्षक डग पीडरसन. दोघांचीही बरीच कारकीर्द राखीव क्वार्टरबॅक म्हणूनच गेलेली. त्यांनी फोल्सला जमतील अशा चालींवर भर दिला. ४ फेब्रुवारी २०१८ ला ईगल्सने न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ४१-३३ असं हरवून पहिला सुपर बोल जिंकला. सर्वोत्तम खेळाडू ठरला निक फोल्स.

त्याच महिन्यात इंडियानापोलिस कोल्ट्सने ठरवलेला मुख्य प्रशिक्षक ऐनवेळी मागे फिरला, आणि ते पद राइककडे आलं. इथेही राखीवच! पहिल्या सहा सामन्यांत पाच पराभव, तरी संघ प्लेऑफमध्ये पोहोचला. पुढच्या वर्षी हंगामाच्या तोंडावर क्वार्टरबॅक अँड्र्यू लकने वयाच्या २९ व्या वर्षी निवृत्ती घेतली. त्यानंतर दर हंगामाला नवा क्वार्टरबॅक शोधण्याची वेळ आली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये राइकला काढलं गेलं. डिसेंबरमध्ये याच कोल्ट्सने मिनेसोटाविरुद्ध ३३ गुणांची आघाडी गमावली, आणि राइकचा ३० वर्षांचा विक्रम मोडला. २०२३ मध्ये कॅरोलायना पँथर्सने तर त्याला ११ सामन्यांतच निरोप दिला.

२०२५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला तातडीने प्रशिक्षक हवा होता. संघाचा कारभार पाहत होता अँड्र्यू लक, तोच आपला जुना क्वार्टरबॅक. त्याने राइकला बोलावलं, ते एका हंगामापुरतं, हंगामी मुख्य प्रशिक्षक म्हणून. राइक गेला.