रेस्पाइट होम बंद होत असताना गप्प राहू नका

(इंग्लंडमधल्या आमच्या मंडळाच्या गुढीपाडवा मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार. जेवणाआधी थोडा वेळ मागून घेतला आहे.

आपल्यातल्या एका कुटुंबाचा 19 वर्षांचा मुलगा महिन्यातून दोन रात्री कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, रेस्पाइट होममध्ये (घरच्यांना विश्रांती मिळावी म्हणून अपंग माणसाला काही रात्री सांभाळणारं घर) राहतो. त्याच्या आईला विचारूनच सांगते आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, फिट्स येतात. तिथे त्याला उचलायच्या यंत्राचा, हॉइस्टचा, रूळ खोलीच्या छताला बसवलेला आहे. फिट थांबली नाही तर किती मिनिटांनी गालात औषध सोडायचं, हे रात्रपाळीच्या बाईंना पाठ आहे. त्याच्या फायलीत तर चक्क लिहिलंय, की वरणभात कोमट आणि मऊ कालवलेला असेल तरच तो तोंड उघडतो. हे सगळं जमून यायला वर्षं गेली. त्या दोन रात्री त्याची आई सलग झोपते. फिरायला नाही, सिनेमाला नाही, नुसती झोपते.

हे घर बंद करायचा प्रस्ताव आता आला आहे.

कौन्सिलांकडे पैसा नाही, हे खरं आहे. 2018 मध्ये नॉर्थॅम्प्टनशायरने आणि 2023 मध्ये बर्मिंगहॅमने कलम 114 ची नोटीस काढली, म्हणजे तिजोरीत खडखडाट असल्याचं जाहीरच केलं. माणसाची गरज भागवणं हे कौन्सिलवर कायद्याने बंधनकारक आहे, पण त्यासाठी स्वतःची इमारत चालवलीच पाहिजे असं नाही. म्हणून कात्री आधी इमारतीला लागते. मग सांगतात, डायरेक्ट पेमेंट घ्या, म्हणजे सेवेऐवजी पैसे घ्या, माणूस तुम्ही शोधा. फिट सांभाळणारा, रात्रभर जागणारा माणूस शोधायचा कुठे?

प्रस्तावात बहुतेक वेळा एक कारण असतंच: खाटा रिकाम्या राहतात. इथे मला आपल्या लोकांशी बोलायचं आहे. आपण मागतच नाही. ‘आपल्या माणसाला परक्यांकडे ठेवायचं?’ असं म्हणत आपण कंबर मोडेपर्यंत सांभाळतो, आणि मग त्या कागदावर आपली गरज दिसतच नाही. गावाकडे आजी, काकू, शेजारीण असायची. इथे कोण आहे? 2012 पासून वयस्क आईवडिलांना कायमचं आणण्याचे नियम इतके कडक झाले, की बहुतेकांचे आईबाबा सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर येतात आणि परत जातात. आणि सत्तरीतल्या आजीने 19 वर्षांच्या नातवाला उचलावं, ही अपेक्षा तरी कशी करायची?

2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 50 लाख लोकांनी आपण बिनपगारी कुणाला तरी सांभाळतो असं नोंदवलं. तुम्हीही त्यांच्यातलेच असाल, तर 2014 च्या केअर ॲक्टनुसार कौन्सिलने तुमची स्वतःची ‘केअरर्स असेसमेंट’, म्हणजे सांभाळणाऱ्याला काय मदत हवी याची पाहणी, करायला हवी. ती भीक नव्हे, हक्क आहे. फोन करा, लेखी मागा.

दुसरं, कन्सल्टेशन. निर्णय पक्का होण्याआधी लोकांना विचारणं, पुरेशी कारणं आणि पुरेसा वेळ देणं, आलेली उत्तरं मनापासून विचारात घेणं, ही तत्त्वं इथल्या कोर्टांनी 1985 पासून धरून ठेवली आहेत. वॉटफर्डच्या नॅस्कॉट लॉन या मुलांच्या रेस्पाइट केंद्राचा निधी आरोग्यसेवेच्या स्थानिक गटाने काढून घ्यायचं ठरवलं, तेव्हा पालक कोर्टात गेले. फेब्रुवारी 2018 मध्ये हायकोर्टाने तो निर्णय बेकायदा ठरवला, कारण काउंटी कौन्सिलशी रीतसर सल्लामसलत झालीच नव्हती. पुढे ते केंद्र बंद झालंच, हेही तुमच्यापासून लपवत नाही. पण त्या आयांनी मिळवलेले महिने मला फार मोलाचे वाटतात.

आपल्या कौन्सिलच्या कन्सल्टेशनचे फॉर्म बाहेर चपलांच्या रॅकशेजारच्या टेबलावर आहेत. ‘बंद करू नका’ एवढंच लिहू नका. घरी रात्री कितीदा उठावं लागतं, कोण उचलतं, तुमची पाठ कशी आहे, ते लिहा. इंग्रजीत लिहिणं जड जात असेल तर मराठीत सांगा. जेवणानंतर मी आणि कमिटीतल्या दोघी तिथेच लिहून घ्यायला बसणार आहोत.