सहीच्या आधीचा वकील

(दृश्य: शिरोली औद्योगिक वसाहत. भट्टीतून लॅडलमध्ये उतरणारा लोखंडाचा रस.)

कोल्हापूरच्या फाउंड्रीत रस साच्यात ओतण्याआधी त्याचा नमुना लॅबमध्ये जातो. कार्बन किती, सिलिकॉन किती, हे कळल्याशिवाय चांगला फोरमन साचा भरू देत नाही. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, एक ब्लोहोल (हवेची पोकळी) निघाला तर अख्खा लॉट परत येऊ शकतो, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

ज्या पर्चेस ऑर्डरवर हे कास्टिंग पुण्याला किंवा चेन्नईला निघतं, तो कागद मात्र अनेकदा न वाचताच फाइलला लागतो. समोरच्या बाजूला वजन, दर आणि डिलिव्हरीची तारीख असते, आणि तेवढं पाहिलं जातं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत बाकीचं सगळं असतं. पैसे 90 दिवसांनी मिळतील. माल नाकारायचा अधिकार अमुक महिने राहील. पॅटर्नची, म्हणजे साचा घडवायच्या नमुन्याची, मालकी कोणाची, हेही तिथेच लिहिलेलं असतं. आणि शेवटी एक ओळ: वाद झाल्यास अधिकारक्षेत्र चेन्नई.

धंद्यासाठी वकील कसा निवडावा, याचं उत्तर आम्ही या मागच्या बाजूपासून शोधायला सुरुवात केली. कारण आपल्याकडे वकील आठवतो तो समन्स आल्यावर, आणि तोपर्यंत निम्मा निकाल त्या कागदाने लावलेला असतो.

(दृश्य: शिवाजी उद्यमनगर. लेथचा आवाज, अरुंद बोळ, शटरवर रंगवलेली फर्मची नावं.)

उद्यमनगरात विचारलं की ठरलेलं उत्तर येतं. "आपल्या पाहुण्यातला वकील हाय की! कशाला बाहेर बघायचं?"

या उत्तरामागे विश्वास आहे आणि तो मोलाचा आहे. आपल्या घरची माहिती असलेला, रात्री फोन केला तरी उचलणारा माणूस कुणाला नको असेल? पण जमिनीच्या वाटपात चाळीस वर्षं घालवलेले वकील त्या कामात निष्णात असले, तरी उधारीच्या वसुलीचा कायदा त्यांच्या रोजच्या कामात नसू शकतो. कामगारांचा वाद लेबर कोर्टात चालतो, कंपनीतल्या भागधारकांचा एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात), आणि त्यासाठी आजही मुंबई गाठावी लागते. एका वकिलाकडून या सगळ्याची अपेक्षा धरणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

वसुलीचंच उदाहरण घेऊ, कारण कोल्हापूरच्या लघुउद्योगाचं सगळ्यात मोठं दुखणं तेच आहे. माल गेला, बिल गेलं, पैसे अडकले. अशा वेळी एक वकील थेट दिवाणी दावा लावायला घेतील. दुसरे आधी विचारतील, "तुमची उद्यम नोंदणी आहे का? कधीची?"

उद्यम नोंदणी म्हणजे सरकारकडे सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग म्हणून केलेली नोंद. या प्रश्नामागे 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने करारात ठरलेल्या मुदतीत द्यायचे, आणि ती मुदत कितीही लिहिली तरी 45 दिवसांपलीकडे जात नाही. लेखी मुदत ठरलेलीच नसेल तर 15 दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. तक्रार अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे नेता येते आणि ती कौन्सिल पुरवठादाराच्या बाजूची, म्हणजे आपल्या राज्यातली असते. चेन्नईच्या त्या ओळीची धार इथे जाते. कौन्सिलच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. नोंदणी माल पाठवल्यानंतरची असेल तर हक्क मिळतो का, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेले आहेत. म्हणून "कधीची?" हा त्या प्रश्नाचा महत्त्वाचा भाग.

बिल तेच, थकबाकी तीच. वकील बदलला की वाट बदलते, आणि त्या वाटेवर जाणारी वर्षंही.

ज्यांना हा कायदा लागू होत नाही, उदाहरणार्थ निव्वळ खरेदी-विक्री करणारे व्यापारी, त्यांच्यासाठी 2015 चा व्यापारी न्यायालयांचा कायदा आहे. तीन लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा व्यापारी वाद असेल आणि तातडीच्या मनाईची गरज नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थीची पायरी चढावीच लागते. ती न चढता दाखल केलेला दावा फेटाळला जातो. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे पक्कं केलं. अशा दाव्यात प्रतिवादीला कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, देण्यासाठी जास्तीत जास्त 120 दिवस मिळतात, त्यापुढे दार बंद. दिवाणी कोर्टातल्या निवांत तारखांची सवय झालेल्या वकिलाच्या हातून इथे पक्षकाराचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

चेक परत आला तर हिशोब आणखी काटेकोर. बँकेचा मेमो हातात पडल्यापासून 30 दिवसांत नोटीस, समोरच्याला ती मिळाल्यापासून 15 दिवस, आणि तेही उलटले की एका महिन्यात फिर्याद. 2015 च्या दुरुस्तीनंतर तुम्ही आपल्या खात्यात चेक भरला असेल, तर ते खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात फिर्याद होते. शाहूपुरीतल्या गुळाच्या व्यापाऱ्याला त्यासाठी अहमदाबादला जावं लागत नाही.

(दृश्य: एक जुनी फर्म. भिंतीवर संस्थापकांचा हार घातलेला फोटो, खाली गल्ल्यावर बसलेला नातू.)

आता ज्या विषयावर आम्हाला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं, तो विषय. भागीदारी.

कोल्हापूरचा धंदा भावाभावांनी उभा केला. दोन भाऊ, एक मेव्हणा, मिळून एक लेथ आणि मग दुसरी. फर्मचं नाव देवाचं किंवा वडिलांचं. करारनामा स्टॅम्पपेपरवर एकदा झाला, बँकेला दाखवला आणि कपाटात गेला. 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 69 तिथून पुढे वाट बघत असतं. फर्म निबंधकांकडे नोंदलेली नसेल तर करारातला हक्क मागण्यासाठी तिला बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. तिच्यावर मात्र कुणीही दावा लावू शकतो. आणि फर्म नोंदलेली असून भागत नाही, दावा लावणाऱ्या भागीदारांची नावंही निबंधकांच्या नोंदवहीत असावी लागतात. थोरले गेले, मुलगा कामाला लागला, सगळा बाजार त्याला मालक म्हणून ओळखतो. पण नोंदवहीत अजून वडिलांचंच नाव असेल, तर वसुलीच्या दाव्यात समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. म्हणजे एका वाक्याची गरज असते: एक भागीदार गेला तरी उरलेल्यांनी फर्म चालू ठेवावी. दोनच भागीदार असतील तर तेवढ्यानेही भागत नाही, वारस आत कसा येईल तेही लिहून ठेवावं लागतं. ही दोन वाक्यं ज्या वकिलाने वीस वर्षांपूर्वी आठवणीने घातली, त्याने एका कुटुंबाचा कारखाना वाचवला असं आम्ही म्हणू. त्याचं नाव कुठल्याही निकालपत्रात सापडणार नाही.

एक अवघड प्रश्नही इथेच येतो. दोन्ही भावांचे वकील एकच असतात. सगळं गोडीत असेपर्यंत छान चालतं. भावकीत बिनसलं की ते वकील कोणाचे? एका प्रकरणात एका बाजूचं काम केलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूने उभं राहू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. चांगले वकील वाटणीच्या बोलणीत स्वतःहून सांगतात की तुम्ही प्रत्येकाने आपापला सल्लागार घ्या. हे ऐकून दुखावू नका.

(दृश्य: सुभाषनगर. चामड्यावर चालणारी रापी, वेणीचे पट्टे.)

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांचा तो हक्क आहे. नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला मिरवल्या आणि इथे संताप उसळला. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलैमध्ये न्यायालयाने ती फेटाळली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत मालक स्वतः कोर्टात येऊ शकतात. तळमळ खरी होती, पण दार ठोठवायचा हक्क कोणाचा, हा प्रश्न आधी येतो. सुभाषनगरच्या कारागिराला आज ज्या वकिलाची गरज आहे तो त्याला मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव कसं नोंदवायचं ते सांगेल, आणि दुकानाच्या नावाचा ट्रेडमार्क ही वेगळी गोष्ट आहे हेही.

(दृश्य: सीपीआर रुग्णालयाजवळची जुनी न्यायालयाची इमारत. काळे कोट, फाइली, गर्दी.)

18 ऑगस्ट 2025 पासून या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी आणि लोकांनी त्यासाठी कित्येक वर्षं आंदोलनं केली. आधी एका तारखेसाठी उद्योजक रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचा आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत निघायचा. आता ते काम इथेच होतं. आता खालच्या कोर्टातले वकील आणि उच्च न्यायालयात उभे राहणारे वकील एकाच गावात भेटतात, एकमेकांशी बोलून प्रकरण चालवू शकतात. धंद्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे.

मग निवडायचं कसं? वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. त्यामुळे फलक बघून काही कळणार नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोधता येतं. त्यांच्याकडे कोणत्या प्रकारची प्रकरणं आहेत, ती किती काळ चालली, हे घरबसल्या दिसतं. स्मॅक किंवा गोशिमा या उद्योजकांच्या संघटनांच्या बैठकीत, तुमच्यासारखाच माल बनवणाऱ्या माणसाला विचारा. "वकील कसे आहेत?" असं मोघम विचारू नका. त्यांनी तुमचा करार वाचून काय बदलायला लावलं, हे विचारा.

पहिल्या भेटीत बोलण्यापेक्षा ऐकण्याकडे लक्ष ठेवा. "काळजी करू नका, जिंकलोच समजा" हे वाक्य आलं तर चहा घेऊन नमस्कार करावा. जे वकील आधी कागद मागतात, ऑर्डर, चलन, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, आणि तुमची बाजू कुठे लंगडी आहे ते तोंडावर सांगतात, त्यांच्याकडे परत जावं. तारखेला स्वतः येणार की ज्युनिअर, हेही तेव्हाच विचारून घ्यावं. त्यात अपमान काही नाही.

फी लेखी ठरवा आणि पावती घ्या. वसुली झाली तर त्यातले इतके टक्के, असा करार वकिलाला करता येत नाही. असा प्रस्ताव कुणी दिला तर तो नियम मोडायची तयारी दाखवतोय, एवढं ओळखावं.

निवड चुकलीच तर काय? सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये स्पष्ट केलं की वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे करता येते. वकील बदलण्याचा हक्क मात्र पक्षकाराचा आहे. जुन्या वकिलांकडून ना-हरकत घ्यावी, राहिलेली फी चुकती करावी. फीवरून वाद असला तरी तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितलं आहे. फाइल मागताना यादी करा, प्रत्येक मूळ कागदासमोर खूण करा, आणि पुढची तारीख कधी आहे ते त्याच कागदावर लिहून घ्या. नव्या वकिलांना सगळ्यात आधी तीच लागेल.