दिल्ली आल्याबिगर कोणी हलत नाही

नमस्कार मंडळी. मुंबई ते नागपूर, रेल्वेनं ८३७ किलोमीटर. आकाशातून सरळ दोरी धरली तर साधारण ६९०. विमानाच्या तिकिटावर वेळ असते दीड तासाच्या आसपास, पण विमान हवेत असतं त्याहून बरंच कमी. उरलेला वेळ जमिनीवर जातो. विमान जागचं हललं की घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या गावी जागेवर उभं राहिलं की बंद. पुन्हा सांगतो, जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंत.

मुंबईत सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. दोन्ही एकदम वापरता येत नाहीत, म्हणून रांग. त्यात हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून. नागपूरला जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. अंतर तेच, वेळ वेगळी. (आणि चाकं टेकताच उठून बॅगा ओढणाऱ्यांनो, दार उघडायला अजून दहा मिनिटं आहेत. बसा की!)

तर अंतर तेच, वेळ वेगळी. हे मला शिकवलं माझ्या मामानं, नागपुरात, सोनेगावच्या विमानतळावर.

१९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचं. चौघंही मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात जमायची, टपालाची पोती आणि प्रवासी अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात! हल्ली सुप्रभातचं फूल सेकंदात येतं, पण त्यात अक्षर कुणाचं असतं? जाऊ द्या.

मामा टपालखात्यात. मी आठ-नऊ वर्षांचा. जानेवारीतल्या एका रात्री त्यानं मला सायकलवर डबलसीट नेलं. आईला सांगितलं, ‘दोन वाजेपर्यंत आणतो.’ मुंबईचं विमान आलं. मग मद्रासचं, मग कलकत्त्याचं. पोती उतरली, ढीग लागले. प्रवासी कानटोप्या घालून बाकांवर पेंगत होते. दिल्लीचा पत्ता नाही. तिकडे धुकं.

मी म्हटलं, ‘मामा, मुंबई-कलकत्ता पोती तर इथंच आहेत. ती तरी जाऊ द्या ना.’

मामा म्हणाला, ‘अबे, दिल्ली आल्याबिगर कोणी हलत नाही. दिल्लीची पोती तिघांकडे जातात.’

भिंतीवर नकाशा होता. मामानं नागपूरवर बोट ठेवून सुतळी फिरवली. दिल्ली, कलकत्ता, मद्रास, सुतळी जवळपास सारखीच लागली. मुंबईला उरली. म्हणजे सगळ्यांत जवळचं गाव मुंबई, आणि सगळ्यांत जास्त ताटकळलं तिचंच विमान! एक जाडजूड गृहस्थ तर झोपेत उठून मद्रासऐवजी कलकत्त्याच्या शिडीवर चढले होते. त्यांना दंडाला धरून उतरवलं. ‘एवढ्या वेळात मी ग्रँड ट्रंक एक्स्प्रेसनं मद्रासला पोचलो असतो,’ म्हणाले. नसते पोचले, पण थंडी होती, कोणी वाद घातला नाही.

दिल्ली आली पावणेचारला. मग जी पळापळ! अर्ध्या तासात चारही विमानं चार दिशांना, आणि मैदान एकदम गप्प.

आम्ही घरी पोचलो तेव्हा दूधवाला दारात. आई काही बोलली नाही. मला ऊन दूध मिळालं. मामाला त्या दिवशी चहा मिळाला नाही.